पोटातला भाडेकरू

१८ नोव्हेंबर

मला हलवलं. मोठ्या वॉर्डातून कोपऱ्यातल्या खोलीत. ढकलगाडीवरून नेताना कुणी काही सांगेना, आणि मी विचारलं की सगळे एकदम चादर नीट करायला लागत. खोलीच्या दारावर पिवळी पाटी. आत येणाऱ्यानं आधी पिवळा गाऊन चढवायचा, हातमोजे घालायचे, जाताना दोन्ही दाराशीच्या डब्यात टाकायचे. म्हणजे मला भेटायला घातलेले कपडे मला भेटून झालं की फेकून द्यायचे!

गाऊन अगदी टाकाऊ शिवलाय. बाही काखेत ओढते, मागच्या नाड्या एका लांबीच्या नाहीत. उभा जन्म लोकांचे कपडे उसवून नीट करण्यात गेला. माझ्या दुकानात अशी शिलाई कुणी केली असती तर मी त्याच्या हातातून कात्री काढून घेतली असती. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन म्हणून आले होते. चार दिवसांत घरी, म्हणाले होते. मग जखम चिघळली, ताप उतरेना, आणि आता ही पाटी.

खोलीत एक बाई आधीच आहे, खिडकीकडच्या खाटेवर. मला वाटलं होतं, एवढं सोवळं पाळायचं तर एकटीला ठेवतील. मोठ्या सिस्टरांना विचारलं. त्या वॉर्डाच्या प्रमुख, आडपडदा न ठेवता बोलतात. म्हणाल्या, "काकू, तुम्हा दोघींमध्ये एकच जंतू सापडलाय. ज्यांचा जंतू एक, त्यांना आम्ही एका खोलीत ठेवतो. एकमेकींना द्यायला तुमच्याकडे नवीन काही नाही."

खिडकीवाली पलीकडून म्हणाली, "या, बसा. आपल्यात आता परकं काही राहिलं नाही."

२० नोव्हेंबर

डॉक्टर आला. पोरसवदा आहे, खिशाला ढीगभर पेनं, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर काढून दाखवतो. खिडकीवालीनं त्याचं नाव पेनवाला ठेवलंय. त्यानं एक गोल काढला, गोलात ठिपके. "मावशी, समजा ही ताटली. हिच्यात तुमचा जंतू वाढवलाय. ठिपके म्हणजे औषधं. औषध लागू पडलं की ठिपक्याभोवतीची जागा मोकळी होते." मग त्यानं सगळा गोल शाईनं भरून टाकला, ठिपक्यांना पार चिकटवून. एकाच ठिपक्याभोवती बारीकशी पांढरी कड ठेवली. "हे एक उरलंय. जुनं आहे, मूत्रपिंडाला जड जातं. पण दुसरं नाही."

"आणि हेही नाही लागू पडलं तर?"

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि माझी नाडी बघायला लागला.

दुपारी लेकीचा फोन. तिला पाचवा महिना आहे. याआधी दोनदा पोटातून गेलं, म्हणून घरात आम्ही सगळे चोरपावलांनी वावरतोय. ती भेटायला यायचंच म्हणत होती. मी म्हटलं, या इमारतीची पायरीसुद्धा चढायची नाहीस. रडली. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. "आई, या वेळी राहिलंय," असं ती म्हणाली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच चित्र आहे. ते बाळ माझ्या या हातांत. दुसरं काही मागत नाही.

२२ नोव्हेंबर

औषध सुरू. ओठांभोवती मुंग्या येतात. बाकी काही नाही.

२६ नोव्हेंबर

खिडकीवाली पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरणारी माणसं तिच्याकडे पाठवत, आणि ती त्यांना पाण्यात उतरवून पार पलीकडे नेत असे. सुई टोचायला आले की ती डोळे मिटून पुटपुटते, "एक, दोन, श्वास. एक, दोन, श्वास." मला म्हणाली, तुम्हीही म्हणा. म्हटलं. फरक पडतो.

जंतूचं नाव पेनवाल्यानं सांगितलं होतं, लांबलचक. आमच्या जिभेला ते वळेना. खिडकीवाली म्हणाली, "आपण त्याला भाडेकरू म्हणू. भाडं देत नाही, जागा सोडत नाही, आणि वर घरमालकालाच दमात घेतो." मला हसताना टाके ओढतात, तरी हसले. हे आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. गाऊन उलटा घातला होता, नाड्या पुढून बांधलेल्या. म्हणाले, "कोर्टात जाऊ या." माझा नवरा म्हणजे एक नमुना आहे.

एक गोष्ट कुणाला बोलले नाही. आल्यापासून मला कुणाच्या कातडीचा स्पर्श नाही. ह्यांचासुद्धा नाही. सगळा रबर. कपाळावर हात आला तरी रबराचा वास येतो. आज संध्याकाळी खिडकीवालीला केस विंचरता येईनात, हाताला सुई होती. मी हळूहळू उठून तिच्या खाटेवर बसले आणि वेणी घातली. उघड्या हातांनी. मोठ्या सिस्टर दारात आल्या, थांबल्या, आणि दार ओढून गेल्या. आम्हाला चालतं. या अख्ख्या मजल्यावर एकमेकींना असं शिवायची मुभा आम्हा दोघींनाच.

तिच्या मानेला हात लागला तर गरम होती. मी म्हटलं, ताप आहे का हो? ती म्हणाली, "तुमचे हातच गार आहेत."

३० नोव्हेंबर

माझा ताप उतरला. तिचा चढला.

२ डिसेंबर

तिला खाली नेलं, अतिदक्षता विभागात. लघवी होत नव्हती. तेच औषध, तोच जंतू, तीच खोली. माझ्या मूत्रपिंडानं सोसलं, तिच्या नाही. जाताना मला म्हणाली, "माझी खिडकी घ्या तुम्ही." मला नको होती. मी म्हटलं, आल्यावर बघू.

नंतर सफाईवाले आले. खाट पुसली, पुन्हा पुसली, पडदा काढून नेला, बेसिन घासलं. माझ्या अंगात जे आहे तेच ते तिच्या खाटेवरून घासून काढत होते, आणि मी पलीकडे बसून बघत होते.

५ डिसेंबर

विचारलं, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही जेवून घ्या." तेव्हाच कळलं.

६ डिसेंबर

झोप नाही. कुणाचा होता तो? ती माझ्याआधी या खोलीत होती, पण मी त्याआधी मोठ्या वॉर्डात, आणि तीही तिथूनच आलेली. तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे, की दोघींना तिसऱ्याच कुणाकडून? पेनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, ते आता कसं कळणार?" कागदही काढला नाही.

तिची वेणी मी घातली होती. तिला तेव्हा ताप होता.

१४ डिसेंबर

उद्या घरी सोडणार. जखम कोरडी, रक्त ठीक. मी कपड्यांची पिशवी भरायला घेतली, तेवढ्यात पेनवाला आला आणि खुर्ची ओढून बसला. मी पिशवी खाली ठेवली.

भाडेकरू गेलेला नाही. आजार गेला, जंतू आहे. आतड्यात राहतो. "तुम्हाला काही करत नाही. घरात नेहमीसारखं राहा, हात धुवा. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही." मग पेन काढलं, पण काढायला काही नव्हतं. "फक्त आजारी माणसांपासून जपा. आणि अगदी नवीन बाळांपासून, त्यातून बाळ अशक्त असलं तर."

मी विचारलं, औषध द्या. म्हणाला, नाही द्यायचं. दिलं की तो आणखी निर्ढावतो. किती दिवस राहील? महिने. कधी वर्ष. अधूनमधून तपासत राहू.

मी त्याला सांगितलं नाही, की माझ्या लेकीला सहावा लागलाय. त्याला सांगून माझ्या पोटातलं काही बदलणार नव्हतं.

२० डिसेंबर

घर. ह्यांनी माझ्यासाठी वेगळा टॉवेल, वेगळी बादली आणि जंतुनाशकाचा एवढा मोठा कॅन आणून ठेवलाय. न्हाणीघर इतकं घासलंय की फरशीचा रंग उडाला. वर म्हणतात, "तुझ्यासाठी नाही गं, तसंही घासायचंच होतं." माणसाला खोटं बोलता येत नसेल तर त्यानं बोलू नये.

सकाळी चहा ओतला आणि बघते तर कप तीन. एक ह्यांना, एक मला. तिसरा मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता.

२८ डिसेंबर

हात धुताना ऐकू येतं. एक, दोन, श्वास. मी म्हणत नाही. नळ बंद केला की थांबतं. ह्यांना सांगितलं नाही.

३ जानेवारी

लेक आली. फोन न करता, जावयाला गाडीत बसवून एकटीच वर आली. पोट चांगलंच दिसायला लागलंय. मी म्हटलं, दारातच थांब. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत मला काही होत नाही." आणि सरळ आत येऊन गळ्यात पडली. मी हात वर धरून उभी. चोराला पकडल्यावर उभा करतात तशी.

"आई, हात खाली घे."

नाही घेतले. तिच्या पाठीवर हात ठेवायला जीव नुसता तळमळत होता, पण नाही घेतले. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, आणि माझं सगळं लक्ष माझ्या बोटांकडे, ती कुठे टेकत तर नाहीत ना. ती गेल्यावर दाराची कडी पुसली, तिचा पेला उकळत्या पाण्यात टाकला. मग बसून रडले. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, जंतुनाशक झोंबतंय डोळ्यांना.

९ जानेवारी

दुकान उघडलं. दुकान म्हणजे आमची पुढची खोली, एक मशीन, एक आरसा. पहिलीच बाई कोटाचं अस्तर बदलायला आली. कुठे होता इतके दिवस, म्हणाली, आणि मी सगळं सांगून बसले. तिनं कोट काउंटरवरून दोन बोटांनी उचलला. घाई नाही, म्हणाली, नंतर आणते.

हे म्हणाले, "सांगायची काय गरज होती? डॉक्टरनं कुठे सांगितलंय गावभर दवंडी पिटायला?" बरोबर आहे त्यांचं. पण कुणी विचारलं आणि लपवलं, की वाटतं खिडकीवाली बघतेय. ती कुठे काय लपवायची? पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आपल्यात परकं काही राहिलं नाही.

२२ जानेवारी

टोपी शिवली. मऊ पांढरं सुती कापड, आतून एकही शिवण टोचणार नाही अशी. बाळाचं डोकं केवढं असतं ते हात विसरले होते. ह्यांच्या मुठीवर माप घेतलं. ते म्हणाले, माझी मूठ जरा मोठी आहे. म्हटलं, डोकंही मोठंच निघेल, तुमच्यावर गेलं तर.

उकळली, इस्त्री केली, कागदात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवली. आता तिला हात लावायचा नाही. मी स्वच्छ झाले की मगच.

११ फेब्रुवारी

लेकीला कळा सुरू झाल्या. नुकता आठवा लागलाय! काल विहीणबाईंशी बोलताना चांगली हसत होती. नवजात बाळांचा विभाग आहे तो त्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. मी होते पहिल्यावर. जावई तिला घेऊन गेला. हे पाठोपाठ. मी इथे.

तिनं तिथे स्वतःहून सांगितलं, आईला असं असं झालं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली. त्यांनी तिचा नमुना तपासायला पाठवला.

१२ फेब्रुवारी

मुलगी!

काचेच्या पेटीत आहे. रडली म्हणे, पण बारीक. लेक बरी आहे.

१४ फेब्रुवारी

लेकीचा रिपोर्ट साफ. बाळाचाही साफ. दोघींत काही नाही. मी हात वर धरून उभी राहिले होते त्याचं सार्थक झालं. दर आठवड्याला बाळांची तपासणी करतात म्हणे.

हे बघून आले. मी दारातच अडवलं. कशी आहे? "एवढीशी." एवढीशी म्हणजे? त्यांनी टेबलावरची माझी मोठी कात्री उचलून दाखवली, एवढी. कान कसे आहेत? बघितले नाहीत. नखं? "अगं, काचेतून काय काय बघू?" मग हळूच म्हणाले, कपाळ तुझं आहे. मला कुठल्या कुठे नेलं त्या माणसानं.

मी दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. तिसरा मजला, रांगेनं खिडक्या, सगळ्यांना दुधी काच. त्यातली कुठली ते जावयानं फोनवर सांगितलं. मग चुकून पहिल्या मजल्याकडे नजर गेली. कोपऱ्यातली खिडकी. तिची. आत कुणीतरी होतं, पाठमोरं, पिवळ्या गाऊनमध्ये.

१७ फेब्रुवारी

वर गेले होते. लपून नाही, विचारून. विभागाच्या दाराशी बेल वाजवली तर बाहेर आल्या मोठ्या सिस्टर. माझ्याच! गेल्या महिन्यात त्यांची वर बदली झाली. मला बघून चेहरा खुलला आणि लगेच पडला. त्यांना सगळं माहीत.

मी म्हटलं, गाऊन घालते, दोन गाऊन घालते, हातमोजे, तोंडाला कापड, लांबून बघते. त्या म्हणाल्या, "काकू, आत मुठीएवढी बाळं आहेत. त्यांच्या अंगात अजून लढायला काही नाही. तुमची तपासणी लागोपाठ तीनदा साफ येऊ द्या, मी स्वतः तुमच्या मांडीवर आणून देते." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तरी जिना उतरताना मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्या.

तपासणीला नमुना देऊन आले.

२० फेब्रुवारी

पहिली साफ आली! भाडेकरू नाही! पेनवाल्यानं फोन करून सांगितलं, "मावशी, एका रिपोर्टनं हुरळून जाऊ नका." मी हुरळले. ह्यांच्या अंगावर उशी फेकली.

२३ फेब्रुवारी

बाळाला आता पेटीतून काढून उघड्या छातीशी धरायला देतात. कातडीला कातडी लागली की अशी बाळं लवकर बाळसं धरतात म्हणे. लेकीनं धरलं. जावयानं धरलं. लेकीला आज चक्कर येत होती, म्हणून विहीणबाईंनी धरलं. त्यांनी फोन केला, मुद्दाम, मला आनंद व्हावा म्हणून. "अहो, काय हलकी आहे! आणि श्वास कसा लागतो इथे, गळ्यापाशी."

मी म्हटलं, वा.

मनात काय आलं ते लिहिणार नव्हते. पण इथे नाही तर कुठे लिहू? मनात आलं: काहीही होऊ दे, कसंही होऊ दे, पण एकदा ती माझ्या उघड्या हातांत येऊ दे.

खोडून टाकावंसं वाटतंय. खोडून तरी काय होणार आहे?

२७ फेब्रुवारी

दुसरी साफ! टोपी कपाटातून काढली, पुन्हा उकळली, पुन्हा इस्त्री केली. हे म्हणाले, उकळून उकळून बाहुलीची होईल. आता एकच राहिली.

आज हात धुताना काही ऐकू आलं नाही.

५ मार्च

तिसरी आली. आहे.

पेनवाला म्हणाला, असं होतं. कमी झाला की सापडत नाही, पण असतो. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. त्याचा आवाज पडला होता. मी त्यालाच धीर दिला, असू दे रे बाबा, तू काय करणार. फोन ठेवला आणि नळ सोडून उभी राहिले. एक, दोन, श्वास. या वेळी मीही तिच्याबरोबर म्हटलं.

७ मार्च

लेक म्हणाली, विभागातल्या दोन बाळांत काहीतरी सापडलंय. त्यांना तिथल्याच कोपऱ्याच्या खोलीत हलवलं, सगळी बेसिनं उपटून नवी बसवताहेत, भेटी कमी केल्यात. कोणता, मी विचारलं. तिला नाव लिहून घ्यायला सांगितलं. तिनं लिहिलेलं फोनवर पाठवलं.

लांबलचक नाव. आमच्या जिभेला वळत नव्हतं ते.

बाळाचा कालचा रिपोर्ट साफ आहे. साफ आहे. साफ आहे.

८ मार्च

डोक्यात भुंगा लागलाय. मी तिथून घरी आले, पण तो तिथून निघाला का? खालच्या कोपऱ्यातल्या खोलीतलं बेसिन मी किती वेळा वापरलं, तोंड धुतलं, दात घासले, खिडकीवालीचा पेला विसळला. माझ्या खाटेवर आता कोण असेल? मोठ्या सिस्टर खालून वर गेल्या. यंत्रं खालीवर होतात, माणसं होतात, ढकलगाड्या होतात. पेनवाल्याला विचारलं, माझाच आहे का तो? तो म्हणाला, "मावशी, हा अशा सगळ्याच इमारतींमध्ये असतो. तुमचाच असं नका म्हणू." मी विचारलं, माझा नाही असं तरी म्हणशील का? तर त्यानं पुढच्या तपासणीची तारीख सांगितली.

मी त्या दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. लेकीच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. एवढं सगळं करून तो माझ्याआधी वर जाऊन बसला असेल तर मी कुणाला तोंड दाखवू?

हे म्हणतात, झोपून घे. ह्यांना सांगितलं नाही की डोळे मिटले की मी तिची वेणी घालत असते, आणि ती संपतच नाही.

१० मार्च

बाळ दूध ओढायला लागलं. वजन वाढलं. लेक किती दिवसांनी हसली. मीही हसले. उद्या आठवड्याची तपासणी.

१३ मार्च

सकाळी मोठ्या सिस्टरांचा फोन. लेकीला न सांगता आधी मला का, ते कळेना. मग कळलं.

बाळात सापडला. ताप नाही, दूध पिते, अंग गुलाबी आहे. फक्त आत आहे. कोपऱ्यातल्या खोलीत नेलंय, पाटी लावलीय. आता बाकी सगळ्यांनी गाऊन आणि हातमोजे घालूनच धरायचं.

मग म्हणाल्या, "आजी, डॉक्टरांशी बोलले मी. तुम्हाला थांबवायला आता कारण उरलं नाही. ज्यांचा जंतू एक..."

टोपी घेतली. वर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, एक, दोन, श्वास. खोलीत लेक पिवळ्या गाऊनमध्ये उभी होती, हात रबराचे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली.

मला कुणी हातमोजे दिले नाहीत.